शांतता : कुणाची, आणि कुणी गप्प बसून?

'आजोबा शांत झाले' या वाक्याचे मराठीत दोन अर्थ होतात. एक म्हणजे रागावले होते, आता निवळले. दुसरा म्हणजे गेले. कुठला घ्यायचा ते सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतं. हाच शब्द वाचनालयाच्या भिंतीवर लिहिलेला असला की तोंड बंद ठेवायचं असतं. पोलीस ठाण्यातल्या शांतता कमिटीच्या बैठकीत मात्र सगळे एकाच वेळी बोलत असतात. घर बांधलं की वास्तुशांत करायची, वयाची साठी झाली की साठीशांत. आणि संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना जाते ती बंदुका घेऊन. एका शब्दाच्या डोक्यावर इतकं ओझं दिलं की त्याचा अर्थ कुठेतरी सांडणारच.

मुळाशी संस्कृत धातू आहे 'शम्'. उसळलेलं खाली बसणं, म्हणजे शमणं. तहान शमते, वादळ शमतं. इतर भाषांनी दुसरीकडून सुरुवात केली. लॅटिनमधल्या 'पाक्स'चं नातं करार करण्याशी आहे. अरबी 'सलाम' आणि हिब्रू 'शालोम' एकाच मुळातून आलेत, आणि तिथे अर्थ आहे अखंड असणं, सुखरूप असणं. म्हणजे रोमन माणसाला शांतता म्हटलं की करार आठवणार, अरबाला खुशाली, आणि आपल्याला आवाज बंद होणं. हे जरा ताणलेलं आहे हे मान्य, पण फार नाही. आपल्याकडे शांततेवरून जे घोळ होतात त्यातले बरेचसे इथेच सुरू होतात : कुणीतरी गप्प बसलंय, आणि आपण त्याला शांतता म्हणतोय.

इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९५ साली कायमच्या शांततेवर एक छोटा निबंध लिहिला. त्याची सुरुवात त्याने एका विनोदाने केली आहे. एका डच खाणावळवाल्याच्या पाटीवर हेच शब्द होते, 'चिरंतन शांतता', आणि खाली चित्र होतं दफनभूमीचं. मराठी वाचकाला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही, आपल्याकडे 'स्मशानशांतता' हा शब्द तयारच आहे. पण कांटने विनोदानंतर जी पहिली अट घातली ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढच्या युद्धाचं सामान गुपचूप राखून ठेवून केलेला तह हा शांततेचा तह समजू नये, असं तो म्हणतो. या अटीकडे आपण परत येऊ, वसईमार्गे.

आधी गावाकडे. 'त्याच्यावर चॅप्टर केस झालीय' हे वाक्य ग्रामीण महाराष्ट्रात सर्रास ऐकू येतं. हा 'चॅप्टर' म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं आठवं प्रकरण. त्यातलं कलम १०७ शांतता राखण्याबद्दल होतं. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तेच काम आता कलम १२६ करतं, पण लोकांच्या तोंडात चॅप्टरच आहे. समजा दोन शेतकऱ्यांचं बांधावरून वाजलं. पोलीस अहवाल पाठवतात, कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे बहुतेक वेळा तहसीलदार, नोटीस काढतात, आणि जास्तीत जास्त एका वर्षासाठी शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून घेतलं जातं. पुष्कळदा दोघांकडूनही. ज्याने बांध कोरला त्याच्याकडून, आणि ज्याचा बांध कोरला गेला त्याच्याकडूनही. कारण हे कलम विचारतं एवढंच, की मारामारी होणार आहे का. कुणाचं बरोबर हा प्रश्न त्याच्यापुढे नसतो, तो दिवाणी कोर्टाचा.

यात वाईट काही नाही. डोकी फुटायची वाचतात. पण बांध जिथे होता तिथेच राहतो, आणि वर्षभराने बंधपत्राची मुदत संपते.

आता याच्या शेजारी महाराष्ट्र सरकारची २०२३ सालची 'सलोखा' योजना ठेवून बघा. माझ्या नावावरची जमीन तुम्ही कसताय, तुमच्या नावावरची मी, असे गुंते गावोगाव आहेत. असा ताबा किमान १२ वर्षांचा असेल तर दोघांनी जमिनींची अदलाबदल कागदावर आणावी, आणि त्यासाठी मुद्रांक शुल्क १,००० रुपये आणि नोंदणी फी १,००० रुपये एवढंच घ्यावं, असं ही योजना म्हणते. सातबारा आणि प्रत्यक्ष ताबा एकदा जुळले की पोरांना भांडायला विषय उरत नाही. चॅप्टर केस दोघांना एकमेकांपासून लांब ठेवते, सलोखा भांडणाच्या मुळाला हात घालतो. विद्यापीठांतून शांततेचा अभ्यास करणारे जाडजूड शब्दांत जो फरक सांगतात, तो जवळजवळ हाच.

ते शब्द योहान गाल्टुंग या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात रूढ केले : नकारात्मक शांतता आणि सकारात्मक शांतता. पहिलीत उघड हिंसा नसते, बस. दुसरीत हिंसेची कारणंही निघून गेलेली असतात. १९६९ साली त्याने यात आणखी एक कल्पना घातली, रचनेतली हिंसा. त्याचंच उदाहरण सांगतो. अठराव्या शतकात कुणी क्षयाने मेला तर ती हिंसा नव्हे, औषधच नव्हतं. आज औषध असून तो मेला, तर तिथे हिंसा आहे. मारणारा हात दाखवता येणार नाही, पण माणूस वाचवता येत असताना गेला. हा गाल्टुंग तरुणपणी गांधींच्या राजकीय विचारावर पुस्तक लिहिण्यात सहभागी होता, तेव्हा ही कल्पना आपल्याला ओळखीची वाटली तर आश्चर्य नको. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात जवळपास हीच विभागणी केली होती. त्यांचा राग उघड शत्रूंपेक्षा 'तुमचं म्हणणं पटतं, पण जरा दमानं घ्या' म्हणणाऱ्या भल्या लोकांवर जास्त होता.

हे नीट समजून घ्यायला मला महाडइतकं स्पष्ट उदाहरण दुसरं सापडत नाही.

१९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला : सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद झाला. पाण्याला मात्र कुणी हात लावला नाही, कारण लावला तर काय होईल हे सगळ्यांना ठाऊक होतं. तळ्यावर गुरं पाणी पीत होती, इतर धर्मांचे लोक पाणी भरत होते. महाड शांत होतं. पिढ्यान्‌पिढ्या शांत होतं.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर महाडला अस्पृश्यांच्या परिषदेसाठी जमलेल्या हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर गावात अफवा पसरली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, आणि परिषदेला आलेल्या माणसांवर हल्ले झाले. तळ्याचं शुद्धीकरणही झालं. आता चॅप्टर केसवाला प्रश्न विचारा : शांतता भंग कुणी केली? १९ मार्चला महाडात काहीच तक्रार नव्हती, २० मार्चला डोकी फुटली. वहीत नोंद करणाऱ्याला वाटेल की पाणी पिणाऱ्यांनी. पण आदल्या दिवशीची ती शांतता शेकडो माणसं तहान गिळत होती म्हणून टिकली होती. त्यांनी ओंजळ भरली आणि आधीपासून चालू असलेली हिंसा दिसायला लागली, इतकंच.

गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग लोक सहसा सांगत नाहीत. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. सवर्णांनी तळं खासगी असल्याचा दावा लावून कोर्टाकडून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. परिषदेला जमलेले लोक लढायच्या तयारीत होते. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं, पण तळ्यावरचा सत्याग्रह बाबासाहेबांनी पुढे ढकलला आणि खटला लढवला. निकाल मुंबई उच्च न्यायालयातून आला १७ मार्च १९३७ रोजी, अस्पृश्यांच्या बाजूने. दहा वर्षं. एका ओंजळीसाठी.

हाच माणूस २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत दोन गोष्टी सांगतो. पहिली, आता घटनात्मक मार्ग खुले झाल्यावर सत्याग्रहासकट सगळे रस्त्यावरचे मार्ग सोडून द्या, ते अराजकाचं व्याकरण आहे. दुसरी, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती फार काळ ठेवलीत तर तिची झळ सोसणारे लोक हा सगळा डोलारा उडवून देतील. पहिली गोष्ट उद्धृत करणारे दुसरी गाळतात, दुसरी उद्धृत करणारे पहिली. दोन्ही एकाच भाषणात आहेत आणि एकमेकींवाचून त्या लंगड्या आहेत.

पण म्हणून नकारात्मक शांततेला नाकं मुरडणं मला पटत नाही. ज्याची वस्ती काल जळली त्याला जाऊन सांगा की उघड हिंसा नसणं म्हणजे खरी शांतता नव्हे! उत्तर आयर्लंडची राजधानी बेलफास्ट. तिथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांच्या मधे १९६९ पासून भिंती उभ्या राहिल्या, आणि त्यांचं नाव आहे 'शांतता भिंती'. १९९८ साली गुड फ्रायडेचा करार झाला, खूनसत्र बऱ्याच अंशी थांबलं, पण कित्येक भिंती आजही उभ्या आहेत, काहींची दारं रात्री बंद होतात. बाहेरच्याला ही शांततेची थट्टा वाटते. भिंतीला लागून राहणाऱ्यांतल्या अनेकांना ती नकोशी नाही, कारण ती असल्यावर रात्री झोप लागते.

राजकारणातल्या शांततेत मुख्य माल म्हणजे कागद. 'लढाईत जिंकले, तहात हरले' असं आपण म्हणतो ते उगाच नाही. बातम्यांत हे शब्द एकमेकांत मिसळतात म्हणून सांगतो : शस्त्रसंधी म्हणजे गोळीबार थांबला, तह म्हणजे कुणाला काय मिळालं ते ठरलं. पहिलं झालं म्हणजे दुसरं होतंच असं नाही. कोरियात २७ जुलै १९५३ला शस्त्रसंधी झाली, शांततेचा तह झालाच नाही. कागदोपत्री ते युद्ध अजून संपलेलं नाही.

मराठ्यांच्या इतिहासात दोन तह जवळजवळ ठेवून वाचावेत. १७८२चा सालबाईचा तह महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने झाला, आणि त्यानंतर मराठे आणि इंग्रज यांच्यात सुमारे वीस वर्षं युद्ध झालं नाही. दोन्ही बाजू दमल्या होत्या, आणि तह पाळला जावा म्हणून उभा राहिलेला मध्यस्थ स्वतः ताकदवान होता. दुसरा ३१ डिसेंबर १८०२चा वसईचा. यशवंतराव होळकरांनी पुण्यात हरवल्यावर दुसरा बाजीराव पळाला आणि वसईला त्याने इंग्रजांशी सही केली : कंपनीची सहा हजारांची फौज त्याच्या मुलखात राहणार, तिच्या खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख कंपनीला. नाव तहाचं होतं. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांना तो मान्य होणं शक्यच नव्हतं, आणि वर्ष उलटायच्या आत असईची लढाई झाली. कांटची पहिली अट आठवा. वसईत तर पुढच्या युद्धाचं सामान गुपचूपही ठेवलेलं नव्हतं.

तहाच्या बोलण्यासाठी मराठीत एक सुंदर शब्द आहे, शिष्टाई. आणि शिष्टाई म्हटली की कृष्णशिष्टाई. उद्योगपर्वात कृष्ण हस्तिनापूरला जातो. पांडवांची मागणी अर्ध्या राज्यावरून पाच गावांपर्यंत खाली आलेली असते, आणि सुईच्या टोकावर मावेल एवढीही माती देणार नाही हे दुर्योधनाचं उत्तर आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. पण कृष्ण निघण्याआधीचा एक प्रसंग कीर्तनकारांनी रंगवला नाही तर वाचकाच्या नजरेतून निसटतो. सहदेव सोडला तर भीमासकट पांडव समेटाची भाषा बोलत असतात. भीम! तेव्हा द्रौपदी आपले केस हातात धरून कृष्णासमोर येते आणि म्हणते, शत्रूशी संधी करायला निघालास ना, तर दुःशासनाच्या हाताने ओढलेले हे केस तेवढे लक्षात ठेव. तिला युद्धाची खुमखुमी आहे असं म्हणून हा प्रसंग सोडून देता येतो. मला तो तसा वाटत नाही. पाच गावांचा हिशेब पाच भावांसाठी बरोबर होता. त्या हिशेबात तिच्यासाठी काय होतं, हे विचारणारे तिथे फार थोडे होते. आजही तहाच्या टेबलाभोवती कोण बसलंय हे मोजलं की हाच प्रश्न उरतो.

साहित्यशास्त्रात शांततेवरून वेगळंच भांडण झालं. भरताच्या नाट्यशास्त्रात मुळात आठ रस मानले जातात. नववा, शांत, नंतर आला, आणि त्याला हरकत घेणारे विचारत : सगळे विकार शमलेला माणूस रंगमंचावर करणार काय? शृंगार दाखवता येतो, वीर दाखवता येतो, शांत कसा दाखवायचा? नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने तर महाभारताचा मुख्य रस शांतच आहे असं म्हटलं. एवढी कत्तल झालेल्या ग्रंथाचा! पुढे अभिनवगुप्ताने शांताची बाजू आणखी जोरात लावून धरली.

ज्ञानेश्वरांना हा वाद नक्कीच माहीत असणार, पण त्यांनी तो घरगुती करून टाकला. ज्ञानेश्वरीच्या अकराव्या अध्यायाच्या सुरुवातीला, विश्वरूपदर्शनाच्या आधी, ते म्हणतात : 'जेथ शांताचिया घरा । अद्भुत आला आहे पाहुणेरा । आणि येरांही रसां पांतिकरां । जाहला मानु'. शांताच्या घरी अद्भुत पाहुणा आला, आणि त्याच्याबरोबर पंगतीला बसलेल्या बाकीच्या रसांनाही मान मिळाला. चित्र डोळ्यांसमोर आणा. हे घर गप्प नाही. पाहुणे आलेत, पाट मांडलेत, वाढपी फिरतायत. इथला शांत हा यजमान आहे, सगळ्यांना बसायला जागा देणारा. 'शम्'मधून आलेल्या शब्दाला इतका मोकळा अर्थ दुसऱ्या कुणी दिलेला मला आठवत नाही.

तुकोबांच्या गाथेत 'शांतिपरतें नाहीं सुख' आहे आणि 'रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग'ही आहे. दोन्ही सुटे सुटे वाचले की ते एकाच माणसाचं म्हणणं आहे हे ध्यानात येत नाही.

आणि मग तेंडुलकर. १९६७ साली रंगमंचावर आलेल्या त्यांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकाच्या नावातच शांतता आहे, उद्गारचिन्हासकट. एका गावात प्रयोगासाठी आलेली हौशी नाटकवाली मंडळी वेळ घालवायला लुटुपुटीचा खटला मांडतात, आरोपी म्हणून लीला बेणारे या शिक्षिकेला उभं करतात, आणि खेळता खेळता तो खटला तिच्या खऱ्या आयुष्यावर चालू होतो. न्यायाधीश झालेले काशीकर वारंवार शांतता पुकारतात, आणि दर वेळी ती तिच्याकडून वसूल केली जाते. बाकीचे हवं ते बोलत असतात. शेवटी तिला बचावासाठी दहा सेकंद मिळतात. तिचं लांबलचक स्वगत प्रेक्षक ऐकतात, बाजूची पात्रं मात्र थिजलेली असतात, आणि ते संपल्यावर कोर्ट सांगतं की वेळ संपली. वाचनालयाची पाटी आणि दफनभूमीची पाटी यांत किती थोडं अंतर आहे हे या नाटकाइतकं कुणी दाखवलेलं नाही.

म्हणूनच 'तंटामुक्त' या शब्दाबद्दल मला नेहमी थोडी धाकधूक वाटते. १५ ऑगस्ट २००७ला गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या काळात सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम मुळात चांगली होती. गावच्या समितीने बसून तंटे मिटवायचे, कोर्टाच्या तारखा वाचवायच्या. कितीतरी समित्यांनी पळून आलेल्या जोडप्यांची लग्नंही लावून दिली. पण तंटा नसण्याला बक्षीस लावलं की एक मोह तयार होतो, तंटा नोंदवलाच न जाण्याचा. ज्या बाईने नवऱ्याविरुद्ध तक्रार आणली ती गावाची गुणवत्ता घालवणार असते. समिती भली असेल तर तिचं ऐकेल, नसेल तर तिला समजावून घरी पाठवेल.

याच्या उलट वाट भिवंडीत निघाली. १९७० आणि १९८४ साली दंगलींनी होरपळलेलं हे यंत्रमागांचं शहर. १९८८च्या सुमारास तिथे पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, हिंदू-मुसलमान दोन्ही घेऊन, पोलीस शिपायासकट. शांतता कमिट्या त्याआधीही होत्या, पण त्या सणाच्या तोंडावर जमायच्या आणि चहा पिऊन उठायच्या, त्यात नेहमीचे पुढारी. या नव्या कमिट्या काहीही झालेलं नसताना बसायच्या. दंगलीचा विषयच नसायचा, नळाचा असायचा, गटाराचा असायचा, कुणाच्या पोराने कुणाला शिवी दिली त्याचा असायचा. लहान तंटे वर यायचे, मुद्दाम. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत झालेल्या दंगलींत, त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे, ९०० माणसं मेली. शेजारच्या भिवंडीत दंगल झाली नाही.

२०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, २८ सप्टेंबरला. मुंबईच्या रस्त्यांवर एकाच संध्याकाळी दोन मिरवणुका म्हणजे काय हे सांगायला नको. मुस्लिम संघटनांनी बसून ठरवलं की आपला जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचा, आणि सरकारने सुट्टी २९ तारखेला जाहीर केली. दोन्ही दिवशी शहरात प्रचंड आवाज होता.